कानात वारं

"लागलं का?" म्हाताऱ्याने विचारलं.

तपासणीच्या जाळीदार टोपीत त्याचं डोकं फळं उतरवायच्या झेल्यात सापडलेल्या आंब्यासारखं दिसत होतं.

"काय लागायचंय, आजोबा?"

"माझा कान गो. खारीचा निघाला का नाय?"

निकाल तोंडी सांगायला आम्हाला मनाई होती. चेहऱ्यावरसुद्धा दाखवायचा नाही, असा नियमच होता. पण पडद्यावर त्याची पहिली लाट इतकी झोकात उठली की माझ्या ओठाचा कोपरा हललाच.

"हसली! बाय हसली!" तो बाहेरच्या रांगेकडे बघून ओरडला. "निघाला!"

दाराशी बसलेल्या रेमी डाल्वांनी टॅबवर काहीतरी टिपलं. हे आंझोरा सरकारचे निरीक्षक. साठीचे, सडपातळ, कायम इस्त्रीच्या शर्टात. कोणी बोलू लागलं की ते उजव्या कानावर तळवा ठेवून, मान किंचित कलती करून ऐकायचे. नीट ऐकू येत नसावं, असं मला आधी वाटलं होतं. पण त्यांना सगळंच ऐकू यायचं. माझं हसणंसुद्धा.

खारी हे बेट नकाशावर आंझोरा प्रजासत्ताकाच्या शेपटीसारखं लोंबतं. दोनेकशे वर्षांपूर्वी ऊस तोडायला म्हणून कोकणातून माणसं इथे आणली गेली, आणि त्यांची मराठी इथल्या खाऱ्या हवेत मुरत मुरत लोणच्यासारखी टिकली. पस्तीसेक वर्षांमागे खारीने वेगळं व्हायचं म्हटलं. आंझोराने वेढा घातला. माणसं मेली, मग युद्धविराम झाला, आणि त्यानंतर सुरू झाला वकिलांचा जमाना. शेवटी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तोडगा दिला: खारीच्या जनतेचं सार्वमत घ्या.

आमच्या आयोगाच्या प्रमुख, घानाच्या अडोमा मेन्सा, मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "केतकी, जनतेला आपलं भवितव्य ठरवायचा हक्क आहे, हे कायदा ठणकावून सांगतो. जनता म्हणजे नेमकी कोण, असं विचारलं की मात्र तो खाकरतो."

इथे तर घसाच बसला होता. आंझोराने बंदरात आपली कुटुंबं आणून वसवली होती. खारीच्या पुढाऱ्यांनी शेजारच्या बेटांवरून भाचे-पुतणे आणून डोंगरात वसवले होते. जन्मनोंदींचं कार्यालय वेढ्यात जळालं. कोणी जाळलं याबद्दल दोन्ही बाजूंची आपापली खात्री होती. नंतरचे सगळे दाखले नव्या कोऱ्या कागदावरचे. मग न्यायालयाने ठरवलं, ज्याचं आयुष्यातलं पहिलं वर्ष खारीवर गेलं, तो खारीचा. बाकीच्यांनी मत द्यायचं नाही, आणि वर्षभरात बेट सोडायचं. या अटीवर दोन्ही बाजूंनी आनंदाने सह्या केल्या, कारण बाहेर जाईल ती समोरची बाजू, अशी दोघांचीही समजूत होती. अठरा वर्षांनी पुन्हा सार्वमत, तेव्हाच्या नव्या पिढीसह.

आणि पहिलं वर्ष कुठे गेलं हे सांगणार आमचं यंत्र. त्याचं नाव आम्ही पुण्यातच ठेवलं होतं, 'कानोसा'.

त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. बाळ पहिल्या वर्षात भाषा शिकत नाही, भाषेत मुरतं. जे ध्वनी रोज कानांवर पडतात, मेंदूत त्यांच्या पायवाटा पडतात. पुढे ती भाषा विसरली, माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला वाढला, तरी वाटा बुजत नाहीत. तो जुना ध्वनी पुन्हा आला की त्या वाटेवरून एक बारीक लाट धावते, माणसाला स्वतःला कळायच्याही आत. नंतर शिकलेल्या शब्दाचीही लाट उठते, पण ती उशिरा आणि दुसऱ्या जागेतून. पहिली लाट पाठांतराने आणता येत नाही, पैसे देऊन आणता येत नाही, आणि लपवताही येत नाही.

म्हणून परीक्षेला आम्ही मोठ्यांचे शब्द घेतलेच नाहीत. घेतले ते बाळबोलीतले. आपल्याकडे मंमं, भुर्र, जोजो असतात ना, तसे खारीचे. आंघोळ, समुद्र, पुष्कळसं पाणी म्हणजे 'झुंबू'. बंदरातल्या आंझोरी घरांतली बाळंही खारीच्याच बायका सांभाळायच्या, त्यामुळे त्यांच्या कानांतही झुंबूच. बेटावर वाढलेल्या कोणावरच अन्याय होणार नव्हता.

असं मला तेव्हा वाटत होतं.

*

"कुंची घालतेस ना तिला?" आई चिपळूणहून फोनवर रोज एवढं विचारायचीच. "समुद्राकाठी राहतेस. कानात वारं शिरेल."

"अगं आई, कानात वारं शिरून काही होत नाही. मी कानांचीच डॉक्टर आहे."

"तू यंत्रांची डॉक्टर. मी तीन पोरं वाढवलीत."

अबोली तेव्हा दहा महिन्यांची होती. माझा नवरा मंदार पुण्यात अडकलेला, म्हणून ती माझ्याबरोबर. "नाव अबोली ठेवलंत, मग बोलेल कशी?" असं जो तो म्हणायचा. आणि खरंच, पोरगी हसायची, किंचाळायची, पण मा नाही, बा नाही.

खारीवर कुंचीचा आग्रह करायची गरजच नव्हती, कारण इथे सगळीच बाळं कुंचीत. रणरणत्या दुपारीसुद्धा. घामाने पोरांच्या मानेवर पुरळ उठलेलं, पण बंद घट्ट बांधलेले. कुंचीच्या आत कानांवर कापसाचे बोळे. मला आधी वाटलं, जुनी रीत. मग एका आईला मी सहज म्हटलं, "किती गोड आहे हो," आणि तिने बाळाचं डोकं छातीशी दाबून धरलं, माझ्याकडे पाठ केली.

मग उलगडलं. अठरा वर्षांनी मत द्यायचं होतं ते याच बाळांनी. आज जो पाळण्याशी बोलेल, त्याचं उद्या बेट, अशी समजूत पसरली होती. बंदरात अफवा होती की डोंगरातल्या बायका आंझोरी बाळांच्या खिडकीखाली येऊन अंगाई म्हणतात. डोंगरात अफवा होती की आंझोराच्या बोटी भोंग्यावरून त्यांचे बाळशब्द किनाऱ्यावर सोडतात. कोणी आपलं बाळ शेजारणीकडे ठेवेना. आज्यांना सुना पाळण्याजवळ फिरकू देईनात, न जाणो म्हातारी चुकून कुठला शब्द बोलून जाईल. माझ्या यंत्राने माणसांचा संशय संपणार होता. तो जाऊन पाळण्यात बसला.

आणि माझ्याच घरात अबोलीला सांभाळायला डोंगरावरच्या टेंबवाडीची गोजरा होती.

*

एका सकाळी अडोमांनी मला खोलीत बोलावलं. डाल्वा आधीच बसलेले होते.

"टेंबवाडी," अडोमा म्हणाल्या. "काय चाललंय तिथे?"

तिथलं मलाही दिसलं होतं. टेंबवाडीचे म्हातारे ठीक, तरुण ठीक. मधलीच काही माणसं, सगळी साधारण एका वयाची, वेढ्याच्या सुमाराला जन्मलेली, माझ्या पडद्यावर कोरी येत होती. खारीचा शब्द, लाट नाही. आंझोरी शब्द, लाट नाही. शेजारच्या बेटांचे शब्द, तरीही नाही. दुसरी, उशिराची लाट मात्र छान. म्हणजे खारीची बोली त्यांनी पहिल्या वर्षानंतर शिकलेली.

"एकाच वयाची, धडधाकट, बाहेरून आणलेली माणसं," डाल्वा शांतपणे म्हणाले. "याला आमच्याकडे टोळी म्हणतात."

"त्यांना विचारलं तर काय सांगतात?" अडोमांनी मला विचारलं.

"काहीच नाही. लहानपणाबद्दल विचारलं की उठून जातात. गावातले म्हातारेही."

"निरपराध माणूस गप्प का बसेल?" डाल्वांनी विचारलं.

 खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं.

डाल्वा निघताना दारात थांबले. "मॅडम, तुमच्या मुलीला सांभाळते ती बाई टेंबवाडीची ना? वयही तेच असावं. तिची तपासणी झाली?"

झाली नव्हती. गोजरा दर वेळी पुढे ढकलत होती. कधी डोकं दुखतंय, कधी केसांना तेल लावलंय, टोपी खराब होईल.

त्या दिवसापासून मी गोजराकडे बघायला लागले, आणि जे रोज समोर होतं ते पहिल्यांदा दिसलं. ती एरवी बडबडी. मासे साफ करताना माशांना शिव्या देणारी, माझ्या भाकरीला हसणारी. "बाय, ही भाकर का नकाशा?" पण अबोलीला हातात घेतलं की तिचा आवाज बंद. एक शब्द नाही, गुणगुणणं नाही. मी खोलीत आले की तिचे हातही थबकायचे, एखादी वस्तू लपवताना थबकावेत तसे.

का? माझ्यामागे काय बोलत असेल? कोणाचे शब्द भरत असेल माझ्या लेकीच्या कानात?

मी पाळण्याच्या गादीखाली एक ध्वनिमुद्रक ठेवला.

संध्याकाळी ऐकला. पंख्याची घरघर. लाटा. अबोलीचं खिदळणं, मध्येच एखादं हुंकारणं. बाकी अख्खा दिवस गोजरा नावाचं माणूस त्या खोलीत नव्हतंच जणू. दुसऱ्या दिवशीही तेच. मला दिलासा वाटायला हवा होता, पण मी ते सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. बाळाशी दिवसभर न बोलता राहणं कोणाला जमतं? ज्याला आपली मूळ बोली लपवायची आहे, त्यालाच ना?

तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर मुद्रक जेवणाच्या टेबलावर होता, माझ्या ताटाशेजारी, चमच्यासारखा नीट मांडलेला.

"ह्याच्यात काय गावलं, बाय?" गोजराने विचारलं.

"गोजराताई, मी..."

"नायच गावायचं." ती पदर खोचत उठली. डोळे कोरडे होते. "चला. घाला मला ती टोपी. आत्ताच चला."

मी तिला समजवायला हवं होतं. पण मला जाणून घ्यायचं होतं, तेही मनापासून. आम्ही गेलो.

झुंबू. पडदा सपाट. एकामागून एक सगळे शब्द. सपाट. मग खूप उशिरा, दुसऱ्याच जागेतून, नंतर शिकलेल्या भाषेची लाट.

मी चेहरा सांभाळला. पण ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"हसली नाय बाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि टोपी काढून माझ्या हातात दिली.

*

आयोगाचा निर्णय टेंबवाडीच्या त्या सगळ्यांना एकदमच पोचला. गोजराचं मत गेलं. त्याबरोबर वाडीवरचं घर गेलं, तिने लावलेली फणसाची झाडं गेली. वर्षभरात बोटीने आंझोराच्या मुख्य भूमीवर, जिथे तिचं कोणी नव्हतं. हरकत घ्यायला एक आठवडा होता. टेंबवाडीतून कोणीही हरकत घेतली नाही.

ती अबोलीचे धुतलेले कपडे परत द्यायला आली. मी चहा टाकला. तिने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, ओट्याला टेकून उभी राहिली. अबोली माझ्या कडेवर होती, उन्हाने चिडचिडलेली. तिने आपलं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली. दोनदा हलकेच. मग एकदा दाबून.

गेले काही दिवस तिचं हे चाललं होतं. "कान दुखतोय का गं राणी?" मी तिच्याच कानात डोकावू लागले. आईने सांगितलंच होतं, वारं शिरलं असणार.

तिने पुन्हा केलं. दोनदा हलकेच, एकदा दाबून. ओठ थरथरायला लागले.

गोजराने माठातून वाटीभर पाणी काढलं आणि अबोलीच्या तोंडाला लावलं. अबोली घटाघटा प्याली.

"तिला तहान लागलीय, हे तुम्हाला कसं कळलं?"

गोजराचा हात वाटीसकट गोठला. आपण काय केलं हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

"गोजराताई, ती बोलली. तिने पाणी मागितलं. तुम्ही तिला शिकवलंत."

"शिकवलं नाय. मला येतंच तेवढं." ती जमिनीवर बसली. अबोली सरपटत तिच्या मांडीवर गेली, आणि मी पहिल्यांदाच तिचे हात न थबकता चालताना पाहिले. अंगठ्याने तळव्यावर गोल म्हणजे झोप. मानेमागे फुंकर म्हणजे जायचंय. टाचेवर टकटक म्हणजे कोणीतरी येतंय, आवाज नको. अबोली प्रत्येकाला उत्तर देत होती. माझी न बोलणारी मुलगी किती बोलत होती!

"पोर हातात आलं का माझा गळाच मिटतो, बाय. माझ्या आयचाबी तसाच."

मग अबोलीच्या पाठीकडे बघत ती थोडंथोडं बोलली. वेढा पडला तेव्हा टेंबवाडी वरच्या घळीत जाऊन राहिली. आंझोराची ड्रोन्स दिवसरात्र वर फिरायची. त्यांना डोळ्यांपेक्षा कान तिखट होते. माणसाचा आवाज, त्यातही बाळाचा, डोंगराच्या पोटातूनही टिपायची आणि खाली कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला कळवायची. मग तिथे बॉम्ब. म्हणून घळीत कोणी बोलायचंच नाही. जवळजवळ वर्षभर. तिथे जन्मलेल्या पोरांना आयांनी हातांनी वाढवलं.

"पाणी लय लांबून आणायचं असायचं. तवर पोर रडू नये म्हणून आय बोट भिजवून कानाला लावायची. येतंय, थांब."

"आणि तरी कोणी रडलं तर?"

ती बराच वेळ अबोलीच्या कुंचीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"एक रडलं," ती म्हणाली. "मंग नाय रडलं."

चहा उतू गेला. मी उठले नाही.

"कोणाचं?"

"ते नाय सांगायचं, बाय. ती माऊली जिती हाय अजून. आमच्यात ते वरीस कोणी काढतच नाय. तुमच्या साहेबांपुढं उभं राहून त्या वरसाचं बोललं, का पयला सवाल हाच येणार. मत गेलं तरी चालंल. बोटीत बसवा. पण ते नाय." मग तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे, थकून. "तवाबी वरून कोणतरी ऐकत होतं. आता तुमी ऐकता. आमी गप राहिलो म्हणून जगलो, आन् गप राहिलो म्हणून परके."

तिथे बसल्याबसल्या मला माझ्या यंत्राची चूक कळली. त्या माणसांच्या मेंदूत पायवाटा नव्हत्या असं नाही. मी चुकीच्या वाटेवर दिवा धरून बसले होते. कानोसा मेंदूतली लाट वाचतो. ती ध्वनीनेच उठली पाहिजे, असं त्याला कोणी सांगितलं? मी.

"गोजराताई," मी म्हटलं, "तुम्हाला काही बोलावं लागलं नाही तर?"

*

हरकत शेवटी मीच नोंदवली. सुनावणीला दोन्ही बाजूंचे निरीक्षक होते. खारी पक्षाचा माणूस अस्वस्थ होऊन घड्याळ बघत होता. टेंबवाडीसाठी भांडावं तर टोळी आणल्याचा आरोप आपल्यावर येणार, म्हणून तो गप्प. डाल्वांनी नियम मोठ्याने वाचून दाखवला.

"'शैशवात परिचित झालेला शब्द.' शब्द, मॅडम. डॉक्टर केतकी सबनीस आता म्हणतात, स्पर्श. उद्या म्हणतील वास, परवा स्वप्न."

"या स्पर्शाचा अर्थ काय?" अडोमांनी मला विचारलं.

"तो मी बंद लिफाफ्यात तुमच्याकडे दिलाय. इथे कोणालाही सांगणार नाही. कारणही सांगणार नाही. फक्त लाट बघा."

आधी टोपी मी घातली. माझ्या सहायकाने माझ्या कानाला ओलं बोट लावलं, दोनदा हलकेच, एकदा दाबून. पडद्यावर साधी शिरशिरी, गार लागल्याची. मग टेंबवाडीचीच एक तरुण मुलगी, वेढ्यानंतर जन्मलेली. तसंच. मग गोजरा खुर्चीत बसली.

"थांबा," डाल्वा म्हणाले. "बोट कोणाचं? तुमच्या सहायकाचं? नको. हे लोक महिनाभर एकत्र आहेत. सराव केला असेल."

"मग कोणाचं हवं?" अडोमा म्हणाल्या. "तुमचं?"

आपण तोंडातून काय काढून बसलो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पण माघार कशी घेणार? ते उठले. भांड्यात बोट बुडवलं. मी त्यांना ताल दाखवला, टेबलावर टिचकीने. त्यांनी गोजराच्या मागे उभं राहून, परक्या बाईला हात लावताना सभ्य माणूस संकोचतो तसा, तिच्या कानाच्या पाळीला स्पर्श केला.

दोनदा हलकेच. एकदा दाबून.

पडद्यावर लाट उठली. पहिली लाट, तीच, झोकात उठणारी. पण मला वाटतं, ती मी एकटीनेच पाहिली. बाकीचे सगळे गोजराकडे बघत होते. तिचे डोळे आपोआप मिटले होते. हनुवटी वर झाली. ओठ किंचित उघडले, बाळाचे उघडतात तसे, आणि कोरड्या गळ्यात एक आवंढा खालून वर आला, आणि थांबला. ती वाट बघत होती. चाळिशीकडे झुकलेली, हातांना घट्टे पडलेली बाई, अजिबात आवाज न करता, येतंय म्हणून सांगितलेल्या कशाची तरी वाट बघत होती.

डाल्वांचं बोट अजून तिच्या कानाला होतं. दुसरा हात सवयीने स्वतःच्या उजव्या कानाकडे गेला, मान कलली, आणि मग तो तळवा तिथेच हवेत थांबला, जणू त्या कानावर बऱ्याच वर्षांपूर्वीचं एखादं यंत्र अजून बसलेलं होतं. वेढ्याच्या वर्षी ते कुठे होते, हे मी तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही. त्यांनी तो हात हळूहळू खाली घेतला.

"पाणी द्या," ते म्हणाले. "पाणी द्या ना तिला कोणीतरी."

मग स्वतःच पेला उचलून त्यांनी गोजराच्या ओठांना लावला.

अडोमांनी लिफाफा फोडला, आतली एक ओळ वाचली, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याकडे वळल्या. "लिहा. निरीक्षक डाल्वा यांना शब्द समजला."

*

त्याच खुणेने तपासून टेंबवाडीची ती सगळी माणसं मतदार ठरली. कोणालाही काही विचारलं गेलं नाही. घळीतलं ते वर्ष अजून तसंच मिटलेलं आहे.

पण खारी ती खारीच. आठवडाभरात ओल्या बोटाची बातमी बेटभर झाली, आणि बंदरात आणि डोंगरात बायांनी कुंच्यांचे बंद आणखी घट्ट केले. आता बोलण्याचीच नव्हे, हात लागण्याचीही भीती. बाजारात कोणी बाळाच्या गालाला हात लावला तरी आया अंग चोरायच्या.

"तुझ्या मुलीविरुद्ध हरकत आलीय," अडोमा एक दिवस हसत म्हणाल्या. "तिच्या पहिल्या वर्षातले महिने इथे गेले, तिला इथली खूण येते. अठरा वर्षांनी ती मत मागेल, अशी भीती आहे. अर्ज दोन्ही बाजूंचा आहे, संयुक्त. पस्तीस वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालंय."

मी हसले. पण घरी येईपर्यंत हसू टिकलं नाही. उद्या कोणी माझ्या अबोलीच्या डोक्यावर टोपी चढवेल आणि विचारेल, कोणाची तू? आणि पडदा सांगेल, हिच्या आईची, आजीची फोनवरची बडबड, आणि टेंबवाडीच्या गोजराचे हात. कुठल्या देशाची, ते पडद्याला काय कळणार? कोणी तिला कडेवर घेतलं, एवढंच त्याला कळतं.

संध्याकाळी गोजरा आणि मी तिला समुद्रावर नेलं. वारा सुटला होता. किनाऱ्यावर आणखी दोन-तीन आया होत्या, एकमेकींपासून लांब लांब, बाळांना घट्ट धरून. मी वाळूत बसले आणि अबोलीच्या हनुवटीखालचा बंद सोडला. कुंची काढली. कापसाचे बोळे मी कधीच घातले नव्हते, पण तिचे कान उघडे पडल्यावर मला उगाच धस्स झालं. किती लहान कान. मागून ऊन आलं की आरपार गुलाबी.

"बाय, कानात वारं जाईल," गोजरा घाबरून म्हणाली. लांबच्या आयाही वळून बघत होत्या.

अबोलीने एकदा डोळे मिचकावले. केस उडाले. मग ती गोजराचं बोट सोडून, पहिल्यांदाच कोणाचाही आधार न घेता, सुटलेल्या वासरासारखी पाण्याकडे धावली, पडली, उठली, पुन्हा धावली.

"जाऊ दे," मी म्हटलं.